उजवी कूस, डावी कूस

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा लोणार, मेहकर करत जानेफळात येते. त्या दिवशी गावातल्या कुठल्याच घरची चूल थंड नसते. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट. दोन भाऊ, दोन जावा, धाकटीची दोन लेकरं आणि म्हातारी सासू. सासूला अक्षरओळख नाही. पण कोणत्या साली कोणत्या वावरात तूर होती, कोणती गाय कोणत्या सणाला व्याली, हे तिला कुणाच्या वहीत पाहावं लागत नाही. तिची ही आठवण पुढं कामी येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

धाकटी एकोणतीस वर्षांची. दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. पालखीच्या दिवशी पोळ्या लाटता लाटता ती एकाएकी उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ओटीपोटात एका अंगाला कळ आली होती. कळ ओसरेना, तसं नवऱ्यानं दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. अंडाशयात ४.६ सेंटिमीटरची पाण्याची गाठ. दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा असं सांगितलं गेलं. आठवड्यात कळ थांबली आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत जाऊन खुंटीला लागला.

दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन सोंगताना पुन्हा दुखलं. या वेळी दुसरा दवाखाना, कारण तिथं नवऱ्याची ओळख होती. गाठ ३.९ सेंटिमीटर. संक्रांतीनंतर तिसऱ्यांदा. आता तिसरं गाव, मोठा दवाखाना. गाठ ५.१, आत थोडं रक्त साकळलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्यांदाच झालंय का?" नवरा म्हणाला, "नाही साहेब, पालखीपासून आहे. औषधानं जातच नाही." जुने कागद घरी खुंटीला होते. डॉक्टरांनी दोन लेकरं झालीत हे लिहून घेतलं आणि सल्ला दिला: गर्भाशयाची पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढून टाकू, कायमची कटकट जाईल. तुरीचे पैसे यायचे होते. ते आल्यावरची तारीख ठरली.

घरात कुणाला हे वावगं वाटलं नाही. आपल्याकडं लेकरं झाली की पिशवीचं काम संपलं, असा हिशोब सगळीकडं चालतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी सरकारनं २०१९ साली केली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्याच साली या प्रश्नावर विधिमंडळात गदारोळ झाला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असं ठरलं. पुढं एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सगळ्या राज्यांना याबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. पण न्यायालयाचा आदेश ओसरीवर बसलेल्या नवऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. त्याच्या मनात पाप नव्हतं, हेही सांगायला हवं. बायकोला दर दोन-तीन महिन्यांनी कळवळताना पाहून तो खरोखर वैतागला होता.

एकच गोष्ट कुणी बोललं नाही. गाठ होती अंडाशयात. गर्भाशय काढल्यानं अंडाशयातल्या गाठी थांबत नाहीत. त्या थांबवायच्या म्हणून दोन्ही अंडाशयं काढली, तर एकोणतिसाव्या वर्षी बाईची पाळी कायमची जाते, आणि तिच्यासोबत हाडांना आणि हृदयाला आधार देणारं इस्ट्रोजेनही जातं. निसर्गानं हे काम पन्नाशीच्या आसपास ठेवलं आहे.

हे त्या घरात एका बाईला स्वतःच्या अंगावरून माहीत होतं.

तारखेच्या चार-पाच दिवस आधीची रात्र. जेवणं झाली होती. सासू अंगणात बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "मले एक सांग व. पालखीच्या दिशी तू उजवी कूस धरून उभी होतीस. सोंगणीच्या वक्ताले डावी धरली होती. तीळगुळाच्या टायमाले पुन्हा उजवी. गाठ काय चालत गेली इकून तिकडं?"

धाकटी म्हणाली, "आत्याबाई, मले काय म्हाईत? दुखत होतं तिथं धरलं."

"मंग कागदात पाहा नं."

कागद वाचणारी घरात एकच, मोठी जाऊ. बारावी झालेली. तिनं पिशवी काढली, मोबाईलचा उजेड पाडला आणि तारखेवारी कागद लावले. इंग्रजी होतं, पण उजवं-डावं तिला समजत होतं. जुलै: उजव्या अंडाशयात साधी गाठ, डावं ठीक. ऑक्टोबर: डाव्या अंडाशयात साधी गाठ, उजवं ठीक. जानेवारी: उजव्यात रक्त साकळलेली गाठ, डावं ठीक.

म्हणजे पालखीची गाठ दसऱ्याला नव्हतीच. दसऱ्याची गाठ संक्रांतीला नव्हती. न जाणारी म्हणून जिची तारीख ठरली होती, तिच्या दोन बहिणी आधीच मुकाट्यानं येऊन गेल्या होत्या. तिन्ही डॉक्टरांपुढं एकेकच कागद होता. तीन कागद एकत्र कुणी पाहिलेच नव्हते.

"मले तं कोनी इचारलंच नाही," सासू म्हणाली. "सकाळी नेलं, दुपारी पिशवी काढली. छत्तीस वर्साची होती मी. बाकीचंही काढलं हे मले दहा वर्सांनी कळलं, मनगट मोडलं तवा. डाक्टर म्हने, हाडं इतकी ठिसूळ कशी? तुमची पाळी कवा गेली?" तिच्या त्या ऑपरेशनचा कागद घरात नाही. कुणी दिला नव्हता, आणि मागायचा असतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

मोठीनं धाकटीचे कागद आवरले. मग थोडा वेळ तशीच बसून राहिली आणि आत जाऊन कपाटातून साड्यांखालची दुसरी पिशवी घेऊन आली.

मोठी तेहतीस वर्षांची. लग्नाला अकरा वर्षं, मूल नाही. पाळीत तिला इतकं दुखायचं की पहिल्या दोन दिवसांत ती वावरात जात नसे. "सगळ्याईलेच दुखते" हे तिनं माहेरीही ऐकलं होतं आणि सासरीही. दोन वर्षांपूर्वी मुलासाठी तपासणी करताना तिच्याही अंडाशयात गाठ सापडली होती. लहान आहे, थांबून पाहू, असं तेव्हा सांगितलं गेलं. मग धाकटीची गाठ निघाली, कळ थांबली, आणि घरात सगळे मोठीला म्हणू लागले, "तिची कशी बसली, तुझीही बसून जाईल." तिलाही ते पटलं. तिचे तीन कागद होते: ३.२, ४.४, ५.८. तिन्ही डावीकडचे. तिसऱ्या कागदासोबत रक्ताची एक तपासणी होती. सीए-१२५, आकडा ७८. पस्तीसच्या आत असावा, असं खाली छापलेलं. तिनं मोबाईलवर त्याचा अर्थ शोधला होता आणि कॅन्सर हा शब्द वाचून कागद साड्यांखाली घातला होता. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी जावा, दोघींच्या पिशव्या आणि सासू, असं सगळं लटांबर मेहकरला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडं गेलं. सासूला कुणी बोलावलं नव्हतं. ती एसटीत आधी जाऊन बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी सहाच्या सहा कागद टेबलावर दोन ओळींत मांडले. आधी धाकटीची ओळ. त्या म्हणाल्या, बाईच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याच्या एका बारीक पिशवीत बीज पिकतं. ती दोन सेंटिमीटरच्या आसपास झाली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. कधी ती फुटतच नाही, वाढत राहते. कधी फुटून पुन्हा मिटते आणि आत पाणी किंवा रक्त साठतं. या गाठी बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. पाळी चालू असलेल्या बाईत पाच सेंटिमीटरच्या आतली साधी पाण्याची गाठ असेल तर पुन्हा तपासायचीही सहसा गरज नसते. पाच ते सातच्या मधली असेल तर वर्षानं पाहतात. सातच्या वर गेली तर पुढची तपासणी किंवा ऑपरेशन. "तुमची ५.१ आहे आणि रक्ताची आहे, म्हणून मी वर्ष थांबणार नाही. तीन महिन्यांनी एकदा पाहू. पाळी संपल्यावर लगेच या, म्हणजे नवीन बीजाची पिशवी दिसून गोंधळ होणार नाही."

"मग गोळ्या?" नवऱ्यानं विचारलं. तो मोटारसायकलवर मागून आला होता.

त्यावर बाईंनी जे सांगितलं ते पुष्कळ दवाखान्यांत सांगितलं जात नाही. गाठ विरघळावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या देण्याची पद्धत जुनी आहे. पण कॉक्रेन या संस्थेनं २०१४ साली ६८६ बायकांवरचे आठ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांच्या गाठी जिरायला सारखाच वेळ लागल्याचं दिसलं. गोळ्यांचा उपयोग दुसऱ्या कामाला होतो. बीज बाहेर पडणं थांबलं की नव्या गाठी कमी होतात. ज्या बाईला पुन्हा पुन्हा होऊन दुखतं, तिनं हवं तर काही महिने घ्याव्यात. आरोग्य केंद्रात माला-एन फुकट मिळते. मात्र आधी रक्तदाब मोजायचा, आणि डोळ्यांपुढं चमकून डोकं दुखत असेल, पायात रक्ताची गुठळी कधी झाली असेल, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट असेल, तर या गोळ्या नकोत. घ्यायच्या की नाही, हे त्यांनी धाकटीवर सोडलं. फक्त एक गोष्ट त्यांनी नवऱ्याकडून दोनदा म्हणवून घेतली. एका बाजूला एकाएकी असह्य कळ आली आणि सोबत उलट्या झाल्या, किंवा चक्कर येऊन बाई पांढरी पडली, तर सकाळची वाट पाहायची नाही. गाठीच्या वजनानं अंडाशयाला पीळ बसतो, रक्तपुरवठा तुटतो, आणि तासांच्या हिशोबानं अंडाशय हातचं जातं.

इथं थोडं मागं जायला हवं. १८०९ साली अमेरिकेतल्या केंटकीत एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरानं जेन क्रॉफर्ड नावाच्या बाईच्या पोटातून जवळपास दहा किलोची अंडाशयाची गाठ काढली. भूल तेव्हा नव्हतीच. बाई साठ मैल घोड्यावरून आली होती. पाचव्या दिवशी ती स्वतःचं अंथरूण आवरताना डॉक्टरला सापडली, आणि पुढं तीसहून अधिक वर्षं जगली. त्या काळी पोट फुगल्याशिवाय गाठ कळायची नाही, आणि कळली की सुरी हा एकच उपाय. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठींवर ध्वनिलहरींचा अभ्यास छापला. त्यातली एक बाई पोटाच्या कॅन्सरची, हाताबाहेर गेलेली म्हणून सोडून दिलेली होती. यंत्रानं दाखवलं की ही अंडाशयाची मोठी गाठ आहे. ती काढली आणि बाई वाचली. हेच यंत्र आज तालुक्याच्या गावी आहे, "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" या पाटीखाली. त्यामुळं दहा किलोच्या गाठी फारशा दिसत नाहीत. पण पूर्वी ज्या चार-पाच सेंटिमीटरच्या गाठी बायकांच्या पोटात येऊन जायच्या आणि कुणाला पत्ता नसायचा, त्या आता कागदावर येतात. कागदावर आलेली गोष्ट काढून टाकावीशी वाटते. धाकटीच्या आजीलाही अशा गाठी झाल्या असतील. तिनं चार दिवस पोट शेकलं असेल आणि कामाला लागली असेल.

मग बाई दुसऱ्या ओळीकडं वळल्या, आणि त्यांचा आवाज बदलला.

मोठीच्या तिन्ही कागदांत बाजू एकच, जागा एकच, आणि आकार चढता. आत पाणी नव्हतं, दाट धूसर द्रव होता. "ही जिरणारी नाही," बाई म्हणाल्या. हिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, कारण आत जुनं, तपकिरी, घट्ट झालेलं रक्त असतं. गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशींचा थर अंडाशयात रुजतो आणि पाळीच्या वेळी तिथंही रक्त झिरपतं. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. पाळीतलं ते दुखणं त्याचंच, आणि मूल न होण्यातही त्याचा हात असू शकतो. सुई घालून नुसतं रक्त ओढून घेतलं तर पिशवी पुन्हा भरते.

मोठीनं सीए-१२५ चा कागद पुढं सरकवला. तिचा हात टेबलावरच राहिला.

बाईंनी आकडा पाहिला. "हे तुमच्या मनात किती दिवस आहे?" एंडोमेट्रिओसिसमध्ये हा आकडा वाढतो, पाळीच्या दिवसांत वाढतो, पोटातल्या जंतुसंसर्गातही वाढतो. तरुण बाईत एवढ्या एका आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही. पाळी गेलेल्या बाईत मात्र तो गांभीर्यानं पाहतात. सोनोग्राफीत गाठीच्या आत घट्ट भाग, जाड पडदे किंवा पोटात पाणी असतं तर आपण वेगळं बोललो असतो. इथं तसं काही नाही. तरी गाठ काढली तर तिचं आवरण तपासायला पाठवतातच.

"आता मला सांगा, तुम्हाला आधी काय हवंय? दुखणं थांबायला हवं की मूल हवं?"

अकरा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "दोन्ही," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. "पन आधी मूल."

म्हणून बाईंनी त्याच अंगानं सगळं मांडलं. डायनोजेस्टसारखी गोळी रोज घेतली तर दुखणं कमी होतं, गाठ आटोक्यात राहते. पण ती चालू असेपर्यंत सहसा दिवस राहत नाहीत. दुर्बिणीतून ऑपरेशन करून गाठीचं आवरण सोलून काढता येतं. त्यानं दुखणं कमी होतं, दिवस राहण्याची शक्यताही वाढू शकते. पण आवरणासोबत थोडी चांगली बीजंही जातात, म्हणून आधी एएमएच ही रक्ततपासणी करून शिल्लक किती आहे ते पाहायचं. ऑपरेशननंतरही ही गाठ परतू शकते. काही जणींना ऑपरेशन टाळून थेट वंध्यत्वाच्या उपचाराकडं जाणं बरं पडतं. आणि मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "यांच्या मिस्टरांची तपासणी झालीय ना?"

कुणी बोललं नाही. अकरा वर्षांत मोठीच्या सोनोग्राफ्या झाल्या होत्या, रक्तं झाली होती, दोन बाबांचे अंगारे झाले होते, एका वैदूचा काढा झाला होता. नवऱ्याची थोडक्या पैशांत होणारी वीर्यतपासणी झाली नव्हती. या बाबतीत लेखकाला काही वाईटसाईट लिहावंसं वाटतं, पण गोष्ट पुढं न्यायची आहे.

सासू दारातूनच म्हणाली, "मी सांगतो त्याले."

तिनं सांगितलं. कसं सांगितलं ते घरातल्यांनाच ठाऊक. मोठा भाऊ तीन दिवस कुणाशी बोलला नाही, चौथ्या दिवशी मेहकरला गेला. त्याचा अहवाल ठीक निघाला. मोठीचा एएमएचही तिच्या वयाला साजेसा होता. गाठ मोठी होती, दुखणं वाढत होतं. दोघांनी मिळून ऑपरेशनचं ठरवलं. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून पेरणीनंतरची तारीख घेतली.

धाकटीच्या ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. तिच्या नवऱ्यानं दवाखान्यात फोन करून "सध्या थांबतो" एवढंच सांगितलं. तीन महिन्यांनी पाळीनंतर सोनोग्राफी केली, दोन्ही अंडाशयं साफ होती. तिनं रक्तदाब मोजून घेतला आणि माला-एन सुरू केली. पहिल्या महिन्यात मळमळ झाली तेव्हा सोडून देणार होती, पण दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं. तुरीच्या पैशातून घरावर नवे पत्रे आले. आता नवरा म्हणतो, तेच आधी करायचं मनात होतं. म्हणू द्यावं.

सासूच्या हाडांची तपासणी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिली होती. तिनं ती केली, हाडं अपेक्षेपेक्षाही ठिसूळ निघाली. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांसाठीची आठवड्याला एक गोळी सुरू झाली. ती गोळी रिकाम्या पोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सासूला त्यातलं न आडवं होणंच जड जातं. मोठी अकोल्याला होती तेव्हा धाकटी तिला गोळी देऊन समोर बसली.

मोठीचं ऑपरेशन जुलैच्या सुरुवातीला झालं. पोटावर तीन बारीक छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी. आवरणाच्या तपासणीत एंडोमेट्रिओसिसच निघाला, दुसरं काही नाही. पुढं पुन्हा दाखवायला गेली तेव्हा मोठ्या भावानं विचारलं, परत होऊ शकते तर मग एवढं केलं कशाला? डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आधीच मोठी म्हणाली की ही पाळी तिनं लग्नानंतर पहिल्यांदा वावरात काढली. आता वर्षभर दिवस राहण्याची वाट पाहायची, मधे गाठ पाहत राहायची, नाहीच जमलं तर पुढचा मार्ग विचारायचा, असं ठरलं.

पुढच्या सोनोग्राफीची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली निघाली. मोठीनं बोटांवर मोजलं.

"मॅडम, आठ दिवस अलीकडं द्या," ती म्हणाली. "त्या हप्त्यात सोंगणी आहे. घरचं कोनी मोकळं नसते."

डॉक्टरांनी कार्डावरची तारीख खोडून दुसरी लिहून दिली.